निर्दोष सुटलेल्यांचं नाव ठाण्याच्या दप्तरातूनही सुटावं, म्हणून मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

आमच्या वस्तीतल्या एका मावशींच्या घरी ज्वारीच्या डब्यात एक प्लास्टिकची पिशवी आहे. पिशवीत कोर्टाच्या निकालाची नक्कल. त्यांचा मुलगा चोरीच्या खटल्यातून निर्दोष सुटला त्याला बरीच वर्षं झाली. कागद घड्यांवर फाटायला आलाय. रात्री गाडीचा आवाज आला की मावशी आधी त्या डब्याकडे धावतात. आसपास कुठं घरफोडी झाली की पोराला उचलायला येतात, कारण ठाण्यात तो अजून ‘रेकॉर्डवरचा’ आहे. निकाल कोर्टात लागला, ठाण्यापर्यंत तो कुणी नेलाच नाही.

तो नेण्याचं काम आमचं मंडळ करतं. त्यासाठी आज तुमच्यापुढे हात पसरतो आहोत.

आम्ही सोलापूर जिल्ह्यात पारधी आणि विमुक्त जमातींच्या वस्त्यांवर काम करतो. सोलापूरकरांना सेटलमेंट म्हणजे काय ते सांगायला नको. इंग्रजांनी 1871 साली केलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, माणसं तारेच्या कुंपणातल्या वस्त्यांत, म्हणजे सेटलमेंटमध्ये ठेवली, रोजची हजेरी लावली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. संशय मात्र मागे राहिला, आणि आता तो कॉम्प्युटरवरही चढलाय.

अटक झाली की बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात. 2022 च्या फौजदारी ओळख कायद्यानुसार ही नोंद 75 वर्षं ठेवता येते. म्हणजे बावीस वर्षांच्या पोराचे ठसे तो सत्त्याण्णव वर्षांचा होईपर्यंत. पण त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये असंही लिहिलंय की आधी कधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलाचे सगळे मार्ग संपले, तर ही नोंद नष्ट करायची. कोर्टानं कारणं लिहून वेगळा आदेश दिला तरच ती ठेवायची. त्यासाठी राज्यानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण वस्तीवर हे कुणाला ठाऊक असणार?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एफआयआर आणि ठाण्यातल्या जुन्या नोंदी निर्दोष सुटल्यावर आपोआप पुसाव्यात, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. म्हणून अर्जाशिवाय गत्यंतर नाही. नोंदीसोबत निकालही जोडा, हिस्ट्रीशीट (पोलिसांनी एखाद्यावर नजर ठेवण्यासाठी केलेली नोंद) उघडलं असेल तर बंद करा, असे अर्ज आम्ही ठाण्यात आणि पोलीस अधीक्षकांकडे देतो. केवळ मागास समाजातला आहे म्हणून निरपराध माणसाचं नाव यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटवर चढू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2024 मध्ये बजावलंय. त्या निकालाची प्रत आम्ही प्रत्येक अर्जाला लावतो.

नोकरीच्या वेळी तर फारच हाल होतात. फॉर्मवर विचारतात, ‘कधी अटक झाली होती का?’ पोरं भाबडेपणानं ‘नाही’ लिहितात, कारण कोर्टानं सोडलेलं असतं. मग पडताळणीत जुनी केस निघते आणि माहिती लपवली म्हणून नोकरी जाते. अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की माहिती खरीच द्यायची, आणि सुटका झालेली असली तरी नेमणूक करणारा पूर्वेतिहास तपासू शकतो. त्यामुळे आम्ही पोरांना शेजारी बसवून फॉर्म भरतो. ‘हो, अटक झाली होती, निर्दोष मुक्तता झाली, निकालाची प्रत सोबत.’ एवढं एक वाक्य लिहिताना पोरांचा हात थरथरतो.

गुन्हेगारांना पाठीशी घालता का, असं आम्हाला विचारलं जातं. आमच्याकडे फाइल उघडताना पहिला कागद निर्दोष मुक्ततेचा निकालच लागतो. तो नसेल तर पुढचं काम होत नाही.

अनुसूचित जमातीच्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. खर्च बाकीचाच होतो. नक्कल फी, झेरॉक्स, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी. निम्मी वस्ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते, तेव्हा अर्ज करायला माणूसच गावात नसतो. आणि थांबूनही चालत नाही, कारण कोर्टातले जुन्या खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. नक्कल त्याआधी काढावी लागते.

म्हणून जमेल तेवढी रक्कम द्या, शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल. पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, कायद्याचे विद्यार्थी, स्कूटरवरून तालुक्याला कागद पोचवू शकणारे कुणीही या. दुकानदार, कारखानदार मंडळींना विनंती, की पोरगा निकाल घेऊन दारात आला तर आधी तो वाचा, मग ठरवा.

दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ आम्ही वस्तीवरच्या समाजमंदिरात बसतो. स्वतःच्या कामासाठी येणाऱ्यांनी निकालाची नक्कल, नसेल तर ती काढण्यासाठी केस नंबर किंवा कोर्टाची कुठलीही जुनी चिठ्ठी आणावी. नक्कल लॅमिनेट करू नका, शिक्का तपासायला अडचण होते. डब्यातून काढून तशीच घेऊन या.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते