तुझं ते रडार इकडे चालत नाही, भो

अमळनेर
कोजागिरीनंतरचा रविवार

बाळ्या,

कसा शे भो? फोनवर धड बोलणं होत नाही, तुझ्याकडे रेंज जाते नि माझ्याकडे लाईट, म्हणून लिहायला बसलो. सांगायचं एवढंच की तुझ्या त्या मोबाईलवर पाऊस दाखवणाऱ्या रडारच्या नादात माझा मका भिजला.

चिडू नको, पूर्ण ऐक. गणपतीनंतर अलिबागला आलो होतो ना, समुद्रातल्या किल्ल्याच्या त्या दिवसापासून मी येडाच झालेलो. बाहेर धो धो चाललेला, मी वहिनींना म्हटलं भजी तळा आता, कुठे जायचं होत नाही, आणि तू मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतोस सव्वाअकराला निघू, ओहोटी पण आहे. रडारचा फोटो दाखवलास तर त्यावर वेळ पाच-वीस, मी म्हटलं अरे हा पहाटेचा आहे, तेव्हा तू हसत सांगितलंस की ती यूटीसी म्हणजे जागतिक वेळ असते, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे ताजाच होता की! आणि एकच फोटो बघायचा नाही, दहा-दहा मिनिटांचे चार-पाच लागोपाठ बघायचे, मग पावसाचा पट्टा कुठून कुठे सरकतोय आणि त्याच्यामागे समुद्रावर मोकळं किती आहे ते कळतं. मला तर नुसता लाल-पिवळा रंगच दिसत होता. किनाऱ्याजवळचा एक डाग जागचा हलतच नव्हता, त्याला तू पाऊसच नाही म्हणालास, लाटांवर आपटून परत आलेली लहर म्हणे. गुडघाभर पाण्यातून गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं, तिथल्या विहिरीत समुद्रात असून गोडं पाणी, आणि परत येऊन चहा सांगितला तोवर पुढचा पट्टा आलाच. गंमत बघ, रडार मुंबईच्या कुलाब्यात आणि किल्ला पण कुलाबाच, तुमच्या जिल्ह्याचंच नाव पूर्वी कुलाबा होतं.

तर ते डोक्यात घेऊन मी घरी आलो. मागच्या बुधवारी मका खळ्यावर पसरलेला, दुपारी ढग दाटू राहिले, आई म्हणाली झाक, मी म्हटलं थांब, रडार बघतो. रडार कोरं! मग मी शहाणा गव्हाचं बियाणं बघायला गावात निघून गेलो, ताडपत्री घडी करून तशीच बांधावर. अर्धा तास पडला पण असा पडला की खळ्याचं तळं झालं. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

रात्री बसून शोधलं तेव्हा उजेड पडला. रडारची लहर जाते जवळजवळ सरळ आणि खाली पृथ्वी वाकत जाते, त्यात ती सोडतानाच अर्धा अंश वर धरलेली असते, म्हणजे अडीचशे किलोमीटरवर पोचेपर्यंत ती जमिनीपासून जवळजवळ 6 किलोमीटर उंच गेलेली. आणि मी बघत होतो तो रडारच्या नकाशाचा गोलच मुळी 250 किलोमीटरला संपतो. आपलं अमळनेर मुंबईच्या रडारपासूनही आणि भोपाळच्या रडारपासूनही सरळ रेषेत 300 च्या वर. म्हणजे ते कोरं होतं ते पाऊस नाही म्हणून नाही, तिथवर बघणाराच कुणी नाही म्हणून. तुझं बरं आहे रे, कुलाबा खाडीपलीकडे तीसेक किलोमीटरवर, ते तुझ्या अंगणातच डोकावतं.

आता मी काय करतो, दामिनी ॲप ठेवलंय, आपल्या जागेपासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडू राहिली का ते त्यात दिसतं. नुसता पाऊस असेल तर त्याचा उपयोग नाही, पण या दिवसांतला पाऊस बहुतेक गडगडतच येतो. आणि खरं रडार म्हणजे धुळ्याचा मावसभाऊ आणि पारोळ्याचे मामा. ढग दिसले की फोन लावतो, पत्र्यावर आवाज येतोय का विचारतो. मामा आधी दहा मिनिटं कापसाच्या भावावर बोलतात, मग सांगतात की अरे हो, पडून गेला.

मका दोन दिवस उन्हात उलथापालथ केला, खालच्या थराला कोंब फुटले होते ते गुरांना घातले, बाकीचा वाचला.

दिवाळीला येशील तेव्हा घाटापर्यंतचं तुझं तू बघून निघ, धुळ्याच्या पुढचं मी मामांना विचारून सांगतो. शेवभाजी तिखट करायची की तुझ्या कोकणी जिभेला झेपेल तेवढीच, ते आधी कळव.

तुझा,
पप्या