अव्यास, फोन न उचलल्याबद्दल

पुणे, रविवार रात्र

अव्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. नसतील तर आधी त्या उरकून घे, मी थांबतो.

चार महिने तुझा एकही फोन उचलला नाही. तुझे ते दहा-दहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज तसेच पडून आहेत. वैशूच्या लग्नातलं अजून मनात धरून बसलोय असं तू दिन्याला म्हणालास, आणि दिन्याने ते त्याच संध्याकाळी मला पोचवलं. त्याच्या पोटात कधी काय राहिलंय? वैशूच्या लग्नाचं काही नाही रे. तिथे चूक तुझीच होती, पण ते सोड. कारण वेगळंच आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं तर लोक 'वय झालं' म्हणून चहा टाकायला उठतील.

डिसोझा सरांनी भरून दिलेली कॅसेट सापडली. तीच, टीडीके नव्वद, जिच्यावर तू 'फिजिक्स नोट्स' लिहून ठेवलं होतंस. एका बाजूला जॅझ ऑर्गनवाल्या जिमी स्मिथचं १९५७ चं स्मॉल्स पॅराडाइज, दुसऱ्या बाजूला गिटारवाल्या वेस माँटगोमेरीचं १९५९ चं ट्रिओ. माळ्यावरून डेक काढला, हेड स्पिरिटने पुसलं आणि लावली. काय सांगू तुला! स्वच्छ. ते सुस्स नाहीच. आपण रूम नंबर चौदामध्ये ज्याला 'पाऊस' म्हणायचो ते काहीच नाही. तीस-पस्तीस वर्षांत कॅसेट सुधारली की काय! मी खुशीत आतून सईला हाक मारली, म्हटलं ऐक, जुनी टेप बघ कशी टिकते. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, गाणं कुठाय? नुसता शॉवर चालू आहे."

मी हसलो. मग पुन्हा लावली. तेव्हा लक्षात आलं की पावसाबरोबर जिमीचा ड्रमर डोनाल्ड बेलीही गेलाय. ढोल आहेत, स्नेअर आहे, पण वरची ती सिंबलची, म्हणजे पितळी थाळीची, टिंग-टिगिटिंग, जिच्यावर अख्खी गाडी चालते, ती नाही. मॅकफॅडनचं गिटार रजई पांघरल्यासारखं. आणि तरीही, ही गंमत ऐक, पहिल्या दिवशी मला ती सिंबल ऐकू येत होती. शपथेवर सांगतो. म्हणजे कान नाही ऐकत, मी ऐकतोय.

मग गेलो तपासायला. ती काचेची खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मी दाबत गेलो, बरं वाटत होतं. मध्येच ती पोरगी दार उघडून म्हणाली, "काका, आत्ता आवाज सोडलाच नव्हता." अव्या, ती ठरावीक अंतराने शिट्ट्या सोडत होती आणि मला लय सापडली होती. पुढची कुठे येणार ते ठाऊक, म्हणून मी समेवर बटण दाबत होतो. दिन्याला हे सांगू नकोस, जन्मभर ऐकवेल. तिने मग अंतरं वाकडीतिकडी केली आणि माझं पितळ उघडं पडलं. चार हजार हर्ट्झला दरी, म्हणजे तेवढ्या उंच सुराला कान जवळजवळ बंद. कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधल्या माणसांना तिथेच पडते म्हणाली. पुढे वयाने वरचं सगळंच उतरणीला लागलंय. पंचवीस वर्षं प्रेससमोर उभा राहिलो आणि कानात बोळे घालायची लाज वाटायची, काय करणार. बाकी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे.

म्हणून फोन नाही. फोनवर तर वरचं सगळं आधीच कापलेलं असतं, त्यात तू बोलतोस भरभर. स, श, फ हे तिघे माझ्या आयुष्यातून निघून गेलेत. मागच्या महिन्यात मेव्हणा सोलापूरहून येणार होता आणि मी तासभर कोल्हापूरच्या फलाटावर उभा होतो. घरात अजून सांगितलेलं नाही. हिला वाटतं मी मुद्दाम दुर्लक्ष करतो, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तो आरोप सोयीचा पडतो.

आता खरं दुखणं सांगतो. महिनाभर मी रोज रात्री एकेक रेकॉर्ड काढून बसतोय. बघतो की काय शिल्लक आहे. तुला आनंद होईल, ऑर्गन जवळजवळ पूर्ण आहे. बेस तर पूर्वीपेक्षा जास्त. आणि त्यामुळे आपलं ते भांडण पुन्हा उकरून काढावं लागतंय. तू म्हणायचास बेस पायाने वाजतो, मी म्हणायचो डाव्या हाताने. कॅन्टीनमध्ये बशी फुटली होती त्यावरून. मुख्य चाल डाव्या हाताचीच आहे लेका. पाय फक्त सुराच्या तोंडाशी पेडलवर टिचकी मारतो, त्याने कॉन्ट्राबासची तार ओढल्यासारखा ठोका येतो. म्हणजे तूही थोडा बरोबर. बशीचे पैसे निम्मे-निम्मे. तुझ्या कॅसिओ कीबोर्डला पेडल नव्हतं आणि तिसऱ्या गाण्यात तुझा डावा हात दमायचा, हा भाग वेगळा.

नानांची आठवण आली. त्यांच्या लेखी ऑर्गन म्हणजे नाटकातली पायपेटी. बालगंधर्वांमागे थिरकवाँचा तबला ऐकलेला माणूस. आपण त्यांना जिमी स्मिथ ऐकवला तर म्हणाले, "पेटीवाला बरा आहे, पण गायकाला घुसायला जागाच ठेवत नाही." मग आपण त्यांना सांगितलं की हा हॅमंड ऑर्गन पावणेदोनशे-दोनशे किलोचा असतो, भाता नाही, आत एक्क्याण्णव दातेरी चक्रं फिरतात, आणि आवाज बाहेर पडतो तो फिरत्या भोंग्यातून. तर त्यांचा प्रश्न एकच: "दौऱ्यावर नेतात कसा?" जिमी स्मिथ शववाहिनीतून न्यायचा हे ऐकल्यावर नाना जे हसले, ते त्यांचं शेवटचं मोठं हसू असावं.

'ऑर्गन ग्राइंडर स्विंग' सगळ्यात कमी मोडलंय. १९६५, जिमीबरोबर गिटारवर केनी बरेल आणि ड्रमवर ग्रेडी टेट. जिमी मध्येच घशातून गुरगुरतो तेसुद्धा ऐकू येतं. गुरगुरणं खालच्या पट्टीत असतं ना, ते मला आता छान कळतं. हीसुद्धा त्याच पट्टीत गुरगुरते. बरेलचं गिटार मुळात मऊ, त्यामुळे तिथे मला फारसं फसवल्यासारखं वाटत नाही. 'इमर्जन्सी!' तर, तुझ्या कपाळावर आठ्या येणार माहीत आहे, मूळचंच फाटक्या आवाजात भरलेलं. तिथे आता आपण सगळे समान आहोत. तू ती कॅसेट गॅलरीतून खाली टाकली होतीस, 'हा जॅझ नाही' म्हणून. १९६९ साली ड्रमवर टोनी विल्यम्स, ऑर्गनवर लॅरी यंग आणि गिटारवर मॅक्लाफ्लिन अशी तीनच माणसं एवढा दंगा करतात आणि तुला त्यात खोट दिसते! पुढे हाच मॅक्लाफ्लिन तबल्याच्या झाकीरभाईंबरोबर 'शक्ती' बँडमध्ये बसला तेव्हा तू पहिल्या रांगेत. टाकलेली कॅसेट भरून दे.

पण 'टॉकिंग अबाऊट'? १९६४, गिटारवर ग्रँट ग्रीन, ऑर्गनवर लॅरी यंग, ड्रमवर एल्विन जोन्स. पहिलंच ते 'टॉकिंग अबाऊट जे.सी.' लावलं आणि अर्ध्यात बंद केलं. एल्विन त्या वर्षी सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनकडे वाजवत होता आणि हे गाणं कोल्ट्रेनच्याच नावाचं, त्यामुळे तो हात राखून वाजवतच नाही. त्याचं सगळं काम वरच्या मजल्यावर. सिंबलचा तो पसरत जाणारा धूर, त्यातून ग्रँट एकेक सूर सुटा काढतो, कॉर्ड म्हणून नाहीच, नुसती एकेरी ओळ. आता धूर नाही. ग्रँट उघड्या माळावर एकटा चाललाय. आणि मग हळूहळू, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला, धूर येतो. मला माहीत आहे तो कानातून येत नाही. १९८८ च्या हिवाळ्यात ऐकलेला धूर आहे तो. तेव्हाच्या दिन्याच्या फुटक्या सिंबलचाही त्यात अंश असेल.

हेच मला खातंय अव्या. गिटारवाल्या पॅट मार्टिनोचं तू लिहिलं होतंस ना, फिलाडेल्फियाला त्याला ऐकून आल्यावर? मेंदूचं ऑपरेशन १९८० ला, स्मृती गेली, आणि मग माणूस स्वतःच्याच जुन्या रेकॉर्ड ऐकून स्वतःचं वाजवणं पुन्हा शिकला. कान शाबूत, आठवण गेली. माझं बरोब्बर उलटं चाललंय. त्याची ती योशीज क्लबमधली मैफल, ऑर्गनवर जोई डीफ्रान्सेस्को आणि ड्रमवर बिली हार्ट असलेली, ती मी उशिरा ऐकली, पाच-सहा वर्षांपूर्वी, म्हणजे दरी पडल्यानंतर. ती परवा लावली तर तिथे धूर येतच नाही. आठवायला काही नाहीच! बिली हार्ट वर काय वाजवतो ते मी कधी ऐकलंच नव्हतं, आणि तरी तुला लांबलचक मेल लिहून त्याची तारीफ केली होती. तू 'वा वा' म्हणालास. काय बघून वा वा केलंस?

म्हणजे नवीन काहीही ऐकलं तर ते अर्धं. जुनं पूर्ण, पण ते माझंच भरलेलं. यंत्र बसवा म्हणतात कानात. सुट्या भागांच्या दुकानात हिंडलेला माणूस मी, त्या किमती ऐकून (ऐकू आल्या, हे विशेष) गप्प बसलो. शिवाय ती यंत्रं बोलणं समजावं म्हणून लावलेली असतात, सिंबल त्यांना खटखट वाटते आणि ती दाबून टाकतात. संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो म्हणे. सई चौकशी करतेय, तिला थोडं कळलेलं दिसतंय. मला भीती वेगळीच आहे. यंत्र लावून खरा एल्विन ऐकला आणि तो माझ्या धुरासारखा नसलाच तर?

तुझ्याकडचं कळलं. शमाचं ठरलं, फार छान, मुलगा शाकाहारी आहे म्हणजे तुझी पंचाईत. गुडघ्याचं लांबवू नकोस. एंगलवुड क्लिफ्सला पुन्हा गेलास का? गेल्या वेळी 'टॉकिंग अबाऊट' जिथे भरलं त्या व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओबाहेर रस्त्यावरच उभा राहून फोटो काढलास आणि निम्म्या फोटोत वहिनींचा अंगठा. त्या खोलीत एल्विनच्या सिंबलला छत किती उंच मिळालं असेल ते तरी नीट बघायचंस.

आता काम. तुझे कान अजून धड आहेत, निदान बाहेरून तसे दिसतात. 'टॉकिंग अबाऊट' लाव आणि मिनिट-सेकंद घालून लिहून पाठव, वर काय काय चाललंय ते. कुठे राईड सिंबल, कुठे क्रॅश सिंबल, कुठे तो नुसता हाय-हॅटवर, पायाने मिटणाऱ्या जोडीवर, येतो. वर्णन नको, तुला ते जमत नाही. नुसती यादी. मग मी ती समोर ठेवून ऐकेन आणि माझ्या धुराशी ताडून पाहीन. योशीजचीही कर, पण ती नंतर.

फोन करू नकोस. दिन्याला मी सांगेन.

तुझा
मक्या

ता. क. वेसच्या 'राउंड मिडनाइट'मध्ये ड्रमर पॉल पार्कर ब्रशने वाजवतो की काठीने, तेवढं आधी कळव. मला दोन्ही ऐकू येतंय.