आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीतच करूया

पुणे, ४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

माझी नोकरी गेली आहे. ३१ जानेवारी हा शेवटचा दिवस. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण आईने "जेवलीस का गं" विचारलं आणि पुढे शब्दच फुटेना. शिवाय यात तारखा आहेत, कागदपत्रं आहेत. चष्मा लावून दोनदा वाचता यावं म्हणून पत्रच लिहिते.

बाबा, तुम्ही पहिलं हेच विचाराल की तुझ्या हातून काही चुकलं का. नाही चुकलं. ज्या परदेशी ग्राहकाचं काम आम्ही करत होतो त्याने ते काढून घेतलं आणि आमची अख्खी टीम कमी केली. मीटिंग पंधरा मिनिटंही चालली नाही. त्याच दिवशी राजीनाम्यावर सही मागत होते. मी म्हटलं, आज नाही, वाचून सांगते. तेव्हा तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. एसटीत कंडक्टर असताना रात्रीचे अकरा वाजले तरी वे-बिलावरचे, म्हणजे हिशोबाच्या कागदावरचे, तिकिटांचे नंबर आणि बॅगेतली रोकड जुळल्याशिवाय तुम्ही डेपोतून हलायचा नाहीत. मीही तसंच केलं. शेवटचा दिवस, नोटीसचा पगार, उरलेल्या रजांचे पैसे, ग्रॅच्युइटी (इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल सोडताना मिळते ती रक्कम), नोकरीतून मोकळं केल्याचं रिलीव्हिंग लेटर, सगळं मेलवर लेखी मागवलं आणि मगच सही केली. पगाराच्या स्लिपा, कापलेल्या टॅक्सचा फॉर्म १६ घरच्या मेलवर घेऊन ठेवले, कारण ऑफिसचा लॅपटॉप परत केला की तिथलं काही हाती लागत नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशोब मी स्वतः मांडला. महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षामागे १५ दिवसांचा बेसिक. माझा बेसिक ५२,००० आणि वर्षं ९, म्हणजे २,७०,००० रुपये. नोकरी संपल्यापासून ३० दिवसांत ते द्यावे लागतात.

आता मुख्य गोष्ट. आई, हे नीट वाच. तुम्हा दोघांचा दवाखान्याचा विमा माझ्या कंपनीतून आहे आणि तो माझ्या शेवटच्या दिवशी संपतो. तू म्हणतेस गुडघ्याचं उन्हाळ्यात बघू, चिऊला सुट्टी असेल तेव्हा. उन्हाळ्यात हा विमा नसेल. कंपनीच्या विम्यात जुन्या दुखण्याला थांबावं लागत नाही. स्वतःची नवीन पॉलिसी घेतली तर सांधा बदलायच्या ऑपरेशनला साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, आणि शुगर-बीपीसारख्या जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत. दोन वर्षं तू जिना बसून उतरावास हे मला बघवणार नाही. परवाच्या व्हिडिओ कॉलवर मी पाहिलं, मोबाईल हातात घेऊन तू पायरीवर बसूनच खाली सरकत होतीस आणि मला म्हणालीस की सहज बसलेय.

म्हणून ऑपरेशन जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात करायचं. डॉक्टरांशी बोलले. शुगरची तीन महिन्यांची तपासणी ते आधी बघणार आहेत, तेव्हा गोळ्या चुकवू नकोस. दाढ दुखते म्हणत होतीस, ती याच आठवड्यात दाखव. दातात संसर्ग असला तर गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि पुढे ढकलायला आपल्याकडे दिवस नाहीत. कॅशलेसची, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट दवाखान्याला भरायची, परवानगी ऑपरेशनच्या आधीच मागायची आहे, ते माझ्याकडे.

पुढचं म्हणाल तर, त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसी मागता येते आणि ती मिळाली तर तिच्यात आधीची वर्षंही धरली जातात, फक्त अर्ज हा विमा चालू असतानाच करायला हवा. तुम्हा दोघांसाठी तो याच महिन्यात करते. हप्ता जड आहे, पण सप्टेंबरपासून त्यावरचा जीएसटी गेलाय. निखिलच्या कंपनीत मला आणि चिऊला घेतील. आई-वडिलांची जागा मात्र तिथे एकाच जोडीला आहे आणि सासूबाई-सासरे तिथे आधीपासून आहेत.

बाबा, एक काम तुमचं. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतं. तुम्ही ७१ चे आहात, तरी वर्षभर आपण हे केलं नाही. आधारला जोडलेला तुमचा मोबाईल नंबर बंद पडलाय, तो आधी आधार केंद्रात जाऊन बदला. मग मी आले की मोबाईलवरच कार्ड काढू. आईला सत्तरी व्हायला चार वर्षं आहेत, म्हणून तिच्यासाठी एवढी धावपळ.

पैशांची काळजी करू नका असं मी म्हणणार नाही, तुम्ही करणारच. म्हणून आकडे देते. घरखर्च निखिलच्या पगारात भागतो. फ्लॅटचा हप्ता ३८,४०० माझ्या पगारातून जात होता. रजांचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून त्यातूनच तो भरायचा, नोकरी लागेपर्यंत बाकी कशाला तिथून एक रुपया काढायचा नाही. पीएफलाही हात लावणार नाही. तुमच्या औषधांचे पैसे दर महिन्याच्या ५ तारखेला येतात तसेच येतील. आणि बाबा, बँकेत जाऊन एफडी मोडायची नाही. मला न सांगता तुम्ही ते कराल म्हणून हे मुद्दाम लिहितेय. तुमच्या पेन्शनीत काय भागतं ते मला माहीत आहे.

नोकरी शोधतेच आहे. पोर्टलवर अर्ज टाकले, पण फोन आले ते जुन्या सहकाऱ्यांना मी स्वतः फोन केल्यावर. दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. माझ्या टेस्टिंगच्या कामात, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्यात, आता हाताने तपासणाऱ्यांपेक्षा ऑटोमेशन, म्हणजे प्रोग्राम लिहून तपासणं, येणाऱ्यांना मागणी आहे, म्हणून रोज पहाटे दोन तास पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसते. तेव्हा गल्लीत कुणी विचारलं तर लपवू नका. "सध्या घरून काम करते" असं आई सांगेल, मला माहीत आहे. खरं सांग. मामांच्या शेजाऱ्यांचा मुलगा, आत्याची नणंद, कुणाच्या ओळखीतून काय निघेल सांगता येत नाही, आणि ज्याला माहीतच नाही तो सुचवणार काय?

पहिले चार दिवस मी रडले, चिऊसमोरही. ती तिचा गल्ला घेऊन आली होती. आता बरी आहे.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी रात्री मी कराडला पोचते. रविवारी आईला सोबत घेऊन परत निघेन. तिची एक्स-रेची मोठी पिशवी कपाटावर आहे, ती काढून ठेवा. गेल्या वर्षीचे शुगरचे रिपोर्ट, दोघांची आधार कार्डं आणि विम्याचं कार्डही त्यातच घाला. आई, लाडू-चिवडा करायला उभी राहू नकोस. चार साड्या नको, गाऊन घे, ऑपरेशननंतर तेच सोपं पडेल.

तुमची,
मनू