घाटावरच्या चाचांना

चाचा, सलाम.

मी बीडची मसालेवाली. वैशाखात भर दुपारी मांजरसुंब्याच्या घाटातून स्कूटी ढकलत तुमच्या गाडी दुरुस्तीच्या दुकानापर्यंत आले होते. पायाशी येसराची, म्हणजे आमटीत घालायच्या भाजक्या पिठाची, पिशवी, बाजूला काळ्या मसाल्याचं पोतं, आणि नेकनूरचा बाजार गाठायची घाई. तुम्ही आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग पोतं उतरवून घेतलं आणि गाडीला सगळ्यात शेवटी हात लावला. त्या गडबडीत तुमचे आभार नीट मानायचे राहून गेले. ते आज मानते, आणि चारचौघांसमोर मानते. तुम्ही मला जे समजावलं, ते माझ्यासारख्या स्कूटीवर माल वाहणाऱ्या कितीतरी जणींना उपयोगी पडेल.

गाडीचं दुखणं असं होतं. पायथ्याला ती बरी असायची. अर्धा चढ झाला की ओढ कमी व्हायची, इंजिनात टकटक सुरू व्हायची, जळका वास यायचा आणि गाडी बंद पडायची. वीस-पंचवीस मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा चालू. त्या उन्हाळ्यात हे तीनदा झालं. शहरातल्या एका गॅरेजनं सांगितलं, पिस्टन-रिंग गेलंय, सिलिंडर बोअर करावा लागेल, सहा हजार तयार ठेवा. एवढे पैसे मी कुठून काढणार होते, हा विचार आजही नको वाटतो.

तुम्ही उकिडवे बसलात, सीटखालून आत बघितलंत आणि एवढंच विचारलंत, "ताई, सिलिंडरवरचं कव्हर कुठंय?"

इंजिनात पेट्रोल जळतं त्या सिलिंडरवरचं ते प्लास्टिकचं कव्हर दिवाळीआधी एका मिस्त्रीनं काढून टाकलं होतं. तडकलेलं होतं, खडखडायचं. तो म्हणाला, राहू द्या, मोकळ्या हवेत इंजिन उलट जास्त थंड राहील. मला ते पटलं होतं. गरम भांड्यावरचं झाकण काढलं की भांडं निवतं, हे रोज चुलीपुढे बघणाऱ्या बाईला ते पटणारच. म्हणून तुम्ही "इथंच तर घोळ झाला" म्हणालात तेव्हा मला आधी खरं वाटेना.

मग तुम्ही गल्ल्याजवळची अगरबत्ती पेटवून आणलीत. गाडी चालू केलीत आणि अगरबत्ती उजव्या बाजूच्या जाळीपाशी धरलीत. धूर सरळ जाळीतून आत ओढला गेला. मग तीच अगरबत्ती उघड्या सिलिंडरच्या मागच्या अंगाला धरलीत. तिथं धूर आपला संथपणे वर चालला होता. जाळीतून एवढी हवा आत जात होती आणि ज्या सिलिंडरला ती हवी त्याच्या पाठीला वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती! तुम्ही विचारलंत, "शेतात कधी दारं धरलंय का? दांड फुटला तर मोटार दिवसभर चालवा, शेवटच्या सरीला पाणी पोचतं का?" चाचा, मी वडिलांबरोबर रात्री-बेरात्री पिकाला पाणी देत दारं धरलेली आहेत. त्या एका वाक्यात मला सगळं कळलं. जाळीआड हवा ओढणारा पंखा म्हणजे मोटार आणि ते प्लास्टिकचं कव्हर म्हणजे पाणी नेणारा दांड.

मोटरसायकलचं इंजिन वाऱ्यात उघडं असतं, गाडी पळाली की समोरची हवा त्याला लागते. स्कूटीचं इंजिन सीटखाली, पत्र्या-प्लास्टिकच्या आड. तिथं समोरचा वारा पोचत नाही, म्हणून तिला स्वतःचा पंखा दिलेला असतो. तो वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या चाकावरच बसवलेला, क्रँकबरोबर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य आसाबरोबर, फिरणारा. त्याला वेगळी मोटर नाही, वेगळा पट्टा नाही. इंजिन जितके फेरे घेईल तितकेच फेरे तो घेतो. जाळीतून हवा ओढायची, कव्हरच्या आतून सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावरच्या हेडच्या चहूबाजूंनी फिरवायची आणि गरम झालेली खालून बाहेर टाकायची, एवढंच त्याचं काम. कव्हर नसेल तर हवा जवळची वाट धरून निघून जाते, आणि बाहेर पडलेली गरम हवाच फिरून पुन्हा जाळीत शिरते ती वेगळीच.

ह्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मी समजत होते की घाटात स्कूटी तापणारच, बिचारीचं इंजिन ११० सीसीचं, त्यात माझं ओझं. तुम्ही म्हणालात, नाही, घाट हा तिचा दोष नाही. चढावर गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरवर आला तरी गिअर नसलेल्या स्कूटीची बेल्टची पुली आपोआप अशी सरकते की इंजिन वरच्या फेऱ्यांवरच राहतं. मिनिटाला ५,००० फेरे धरले तरी पंखा सेकंदाला ८० पेक्षा जास्त वेळा फिरतो. म्हणजे गाडी जिथं सगळ्यात हळू आणि सगळ्यात कष्टानं चालते, तिथंही पंखा जोरातच असतो. हवेचा रस्ता नीट असेल तर हवा कमी पडू नये. माझ्या गाडीत रस्ताच मोडला होता.

आणि तो दोन ठिकाणी मोडला होता. सिलिंडरच्या अंगावरच्या पातळ पट्ट्या, तुम्ही ज्यांना फिन म्हणता, त्या मातीनं बुजल्या होत्या. आमच्या काळ्या रानाची चिकण, वर कापसाचे तंतू, त्यात तेलाचा ओघळ, आणि सगळं भाजून विटेसारखं झालेलं. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवलात आणि बांबूची कामटी तासून घेतलीत, पट्टी मोडू नये म्हणून. एकेक फट कोरलीत. रॉकेलचा ब्रश फिरवलात, कोरड्या फडक्यानं पुसलंत. पाऊण तास गेला असेल. दुकानावर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, त्याला तुम्ही "बैठो, चाय पियो" म्हणालात आणि कामटी सोडली नाहीत.

त्या पट्ट्यांचं काम मला कुणी सांगायची गरज नव्हती. येसरासाठी ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजते तेव्हा कढईतून काढल्याबरोबर मी ते कापडावर पसरते. ढीग केला तर आतलं धान्य भाजतच राहतं आणि दळलेल्या पिठाला करपट वास लागतो. पसरलं की निवतं, कारण हवा जास्त अंगाला लागते. सिलिंडरला पट्ट्या दिल्या म्हणजे त्याचं अंगच पसरलं. मधल्या फटी बुजल्या की ते पुन्हा ढीग होतं.

माझी लेक डिप्लोमाला आहे. घरी आल्यावर तिला हे सांगितलं तर ती वही घेऊन बसली. पेट्रोलच्या उष्णतेतली जेमतेम चौथाई चाकापर्यंत पोचते, बाकीची सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडावी लागते, असं ती म्हणाली. आत जळणारा वायू क्षणभर २,००० अंशांच्या वर जातो आणि पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम तर ६६० अंशांच्या आतच वितळू लागतं. तो वितळत नाही, कारण दर फेऱ्याला उष्णता बाहेर काढली जाते. मग तिनं आमच्या उन्हाचा हिशेब केला. हेड १७५ अंशांवर आहे असं धरलं, तर २५ अंशांच्या हवेशी फरक १५० चा आणि बीडच्या ४३ अंशांच्या हवेशी १३२ चा. गरम हवा थोडी विरळ असते तेही धरलं, तरी थंड होण्याची ताकद पाचव्या हिश्श्याहून कमीच घटते. म्हणजे तुम्ही दुकानात म्हणालात तेच. "उन्हानं इंजिन मरत नाही ताई, हवेची वाट अडली की मरतं."

हे तुम्ही शिकलात ते चेतक स्कूटरवर, असं बोलता बोलता सांगितलंत. उजवीकडच्या फुगीर पत्र्याआड इंजिन आणि त्याच्या चाकावर पंखा. लेकीनं त्याचाही माग काढला. इटलीत १९४६ साली पियाजिओची पहिली व्हेस्पा आली, कोर्रादिनो द'आस्कानियो ह्या इंजिनिअरनं रचलेली, तिचंही इंजिन असंच झाकलेलं आणि पंख्यानं थंड होणारं. पुढे बजाजनं परवाना घेऊन इथं व्हेस्पा बांधल्या, १९७२ मध्ये चेतक आणली, आणि १९८५ मध्ये तर तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आपल्या आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला त्यांचा कारखानाच आला. ऐंशी वर्षं होत आली, पंख्याची जागा तीच आहे. हे वाचताना मला तुमचे हात दिसत होते.

तुम्ही भंगारातून जोडीचं कव्हर शोधलंत, क्लिपा बसवल्यात, दोन बोल्ट नवे घातलेत. ऑइल तपासलंत, ते पट्टीच्या खालच्या खुणेच्याही खाली होतं. हवेसारखंच ऑइलही उष्णता वाहून नेतं, हे तेव्हा कळलं. मग पुन्हा गाडी चालू करून माझा हात खाली धरायला लावलात. गरम हवेचा झोत तळहातावर आला. आणि निघताना पोतं बांधायला आलात तेव्हा थांबलात. मी ते कायम उजवीकडे लटकवत होते, नेमकं जाळीवर. कुणीच हे कधी बघितलं नव्हतं. डावीकडेही लटकवू नका म्हणालात, तिकडं बेल्टला हवा लागते. सीटवर मागं, उंच, दोरीनं आवळून बांधून दिलंत. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर गाडी तशीच चालू राहू द्या, कारण इंजिन थांबलं की पंखाही थांबतो आणि आतली उष्णता आतच राहते, हेही सांगितलंत. तापलेल्या इंजिनावर पाणी मारायचं नाही, हे तर दोनदा.

पैसे घेतलेत ते कव्हरचे, बोल्टचे आणि ऑइलचे. पाऊण तासाच्या मेहनतीचे विचारले तर हात झटकलात.

त्यानंतर मी तो घाट अकरा वेळा चढले आहे. गाडी एकदाही थांबली नाही. पिस्टन तोच आहे, रिंगही त्याच. दर महिन्याला मी कामटी घेऊन बसते. पावसाळ्यात चिखल जास्त असतो, तेव्हा पंधरा दिवसांनी. आमच्या बचत गटातल्या दोघींच्या गाड्या उघडून बघितल्या. एकीचं कव्हर फुटलेलं निघालं, दुसरीच्या पंख्याची तीन पाती तुटलेली होती. दोघींना तुमच्याकडेच पाठवते आहे.

येत्या बाजाराला मीही थांबेन. चाचींसाठी अर्धा किलो येसर आणते. आमटीला उकळी आली की थंड पाण्यात कालवून घालायला सांगा, कोरडं टाकलं तर गुठळ्या होतात. आणि अगरबत्तीचा एक पुडा आणते, तुमच्या गल्ल्याजवळचा त्या दिवशी संपत आला होता.

तुमची,
मसालेवाली ताई, बीड