ठमीला, फेरीच्या आधी

प्रिय ठमे,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन हात लागून बंद झाला, असं आईने तुला सांगितलं असेल. तसं झालं नव्हतं, मीच बंद केला. "बाबा, ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नका," याचा मला राग आला नाही. माझ्या बापाला मी याहून वाईट बोललोय. राग आला तो त्याच्या आधीच्या वाक्याचा. "आपण अर्ध्यातून परतत नाही." ते वाक्य तू कुठून उचललंस ते मला माहीत आहे. त्याबद्दल शेवटी लिहीन, धीर झाला तर.

आधी हे सांगतो, की आता मला थोडंफार कळतं. गेले आठ दिवस तुझ्या त्या बॉब ग्रॅहम राउंडचा, म्हणजे त्या डोंगरफेरीचा, नकाशा मी टेबलावर पसरून बसलोय. इंग्लंडमधल्या केझिक गावच्या मूट हॉलच्या दारातून निघायचं, ४२ शिखरं करायची आणि २४ तासांच्या आत त्याच दाराला हात लावायचा. अंतर १०६ किलोमीटर, चढाई सगळी मिळून ८,२०० मीटर. नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरात चालण्याचा एक हिशेब घालून दिलाय: तासाला पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास. मी मांडून पाहिला. अंतराचे एकवीस तास, चढाईचे जवळजवळ चौदा. पस्तीस तास होतात, ठमे! तेही विश्रांती न धरता. मी आईला कागद दाखवला. ती म्हणाली, "तो चालणाऱ्यांचा हिशेब आहे, ही पळणार आहे." तुमच्या दोघींचं नेहमी असंच असतं.

ज्याच्या नावाने ही फेरी आहे तो ग्रॅहम मला मात्र आवडला. पाहुण्यांसाठी घर चालवणारा साधा माणूस. १९३२ च्या जूनमध्ये २३ तास ३९ मिनिटांत फिरून आला. पायात टेनिसचे बूट, अंगात पायजम्यावरचा सदरा, आणि खायला पाव-लोणी नि उकडलेली अंडी, असं म्हणतात. त्याच्यानंतर हे दुसऱ्या कुणाला जमायला १९६० उजाडलं. आणि बायकांमध्ये पहिली जीन डॉझ, १९७७ मध्ये, २३ तास २७ मिनिटं. म्हणजे ग्रॅहमपेक्षा बारा मिनिटं कमी! हे वाचलं तेव्हा मी एकटाच बसलो होतो आणि मोठ्याने "वा!" म्हणालो. कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून नानांना फोन केला. त्यांना वाटलं तुझं लग्न ठरलं.

तर मुद्द्यावर येतो. तू रात्री बाराला निघणार. पहिला टप्पा अंधारातला, स्किडॉ आणि ब्लेनकाथ्रा ही शिखरं, मग हॉल्स फेलच्या अरुंद कण्यावरून थ्रेलकेल्ड गावात खाली. तो दगड ओला असला तर निसरडा असतो म्हणतात, पण तिथे तू ताजी असशील. मला त्याची काळजी नाही. मला काळजी दुपारची आहे. बारा-साडेबारा तास झालेले असतील, एकोणतीस शिखरं मागे पडलेली असतील, आणि तू स्कॉफेल पाइकवरून उतरून त्या खिंडीत उभी राहशील. समोर स्कॉफेल, आणि मध्ये ब्रॉड स्टँड. तो कातळ चढलात तर वाट जवळची. नाहीतर खाली उतरून फॉक्सेस टार्नच्या तळ्याकडून वळसा घालायचा, म्हणजे मिळवलेली उंची घालवायची आणि मिनिटंही. दोर लावलेला असेल, हे तू दोनदा सांगितलंस. असेल. पण १८०२ मध्ये एक कवी तिथून खाली उतरायला गेला, एकेका कपारीवरून स्वतःला खाली सोडत राहिला, आणि शेवटी हातपाय इतके लटपटायला लागले की पाठ टेकून पडून राहावं लागलं. तो तर ताजातवाना होता, आणि हातात घड्याळ धरून त्याच्यासाठी कुणी उभं नव्हतं.

तळ्याकडून जा. एवढंच.

एवढंच म्हणालो, पण आता सुरुवात झालीच आहे तर ऐक. उंचीवर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, आणि ओल्या कपड्यांवर वारा लागला की थर्मामीटर काय म्हणतो याला अर्थ राहत नाही. थंडी वाजणं एकदम थांबलं तर बरं वाटतंय असं समजू नकोस, ते वाईट लक्षण आहे. नुसतं पाणी पीत राहू नकोस, त्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस बरळायला लागतो. उतारावर मांड्या जातात, चढावर नाही, म्हणून पहिल्या दोन टप्प्यांत उतारावर हुशारी दाखवू नकोस. मदत हवी असेल तर शिट्टी मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. ९९९ ला फोन लागला तर आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ती सगळी माणसं विनामोबदला येतात, त्यांना बोलवायला लाजायचं नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. वाचताना तू डोळे फिरवलेस तेही मला इथून दिसलं. माफ कर. पस्तीस वर्षं वर्गात फळ्यासमोर उभं राहिल्यावर हात असाच वर जातो.

पण एक गोष्ट कुठल्याच माहितीत लिहिलेली नाही, ती मी लिहितो. तू एकटी नसणार, प्रत्येक टप्प्याला सोबती बदलणार, ते तुझं पाणी-खाणं वाहणार, नकाशा बघणार, प्रत्येक शिखरावर साक्षीदार म्हणून उभे राहणार. आई हे ऐकून निर्धास्त झाली. मी उलट घाबरलो. कारण मी तुला ओळखतो. एवढी माणसं रजा टाकून, रात्री गाड्या चालवून आपल्यासाठी आलीत, आता आपण थांबलो तर त्यांना काय वाटेल, हा विचार तुझ्या पायांपेक्षा जड होईल. आठवीत तापाने फणफणलेली असताना नाटकात उभी राहिलीस ती "बाकीच्यांचं काय होईल" म्हणूनच. टाळ्या पडल्या आणि पडदा पडल्यावर तूही पडलीस.

स्कॉफेलवरून उतरलीस की खाली वॉस्डेलला रस्ता आहे, गाडी असेल. पुष्कळ जण तिथेच थांबतात म्हणे, कारण समोर युबॅरो या पुढच्या शिखराचा चढ उभा ठाकलेला असतो. तिथे गाडीत बसलीस तर कुणीही तुला काही म्हणणार नाही. पुन्हा तेच लिहिलं का मी? लिहिलं.

आता ते वाक्य.

तू नऊ वर्षांची होतीस. आपण दोघंच डोंगरावर गेलो होतो, आईला बरं नव्हतं म्हणून. तुला आठवतं ते असं: धुकं आलं, बाबा पुढे चालत राहिले, अंधार पडला, तू माझा पट्टा धरून गाणी म्हणत होतीस, आणि शेवटी खाली दिवे दिसले. दुसऱ्या दिवशी शाळेत तू सांगितलंस, बाबांना डोंगर पाठ आहे. बाईंनी मला भेटल्यावर कौतुकाने ते सांगितलं. आणि उतरताना मी तुला म्हणालो होतो, "आपण अर्ध्यातून परतत नाही, ठमे."

मी वाट चुकलो होतो. दुपारी तीनलाच कळलं होतं. मागे फिरलो असतो तर उजेडात खाली आलो असतो. फिरलो नाही, कारण सकाळी तुझ्यासमोर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की माथ्यावर जाऊनच जेवायचं. माथा आला नाही, एवढ्या वर्षांत तू विचारलंही नाहीस. एका जागी पाय टाकला आणि खाली काहीच नव्हतं. पायाखालचा दगड गेला तो किती खाली गेला ते ऐकू आलं. मी तुला उचललं आणि म्हणालो, पाय दुखत असतील ना. तू म्हणालीस, नाही दुखत. तरी उचलून घेतलं. माझेच गुडघे थरथरत होते, तुला धरल्यावर थांबले.

आईला सांगितलं गाडी चुकली. तिला हे अजून माहीत नाही. हे पत्र तिने वाचलं तर वाचू दे.

एवढी वर्षं तू ते वाक्य घेऊन पळते आहेस, आणि ते एका घाबरलेल्या माणसाने वेळ मारून न्यायला म्हटलेलं होतं. परत घेता येत असेल तर मी ते परत घेतो. २४ तास ५ मिनिटांनी आलीस तर तुझं नाव फेरी वेळेत पुरी करणाऱ्यांच्या यादीत लागणार नाही, आणि तू महिनाभर कुणाशी बोलणार नाहीस. मला चालेल. म्हणजे, तुला चालणार नाही हे मला कळतं. आणि खरं सांगू, तू दाराला हात लावावास असंही मला फार वाटतं. रॉबिन्सन या शेवटच्या शिखरावरून उतरून डांबरी रस्त्याला लागलीस की पुढे फार चढ नाही, मी उंचीच्या रेषा मोजल्या आहेत.

तू निघशील तेव्हा इथे पहाटेचे साडेचार असतील. ब्रॉड स्टँडपाशी येशील तेव्हा संध्याकाळचे पाच. फोन उंच जागी लागत नाही हे ठाऊक आहे, म्हणून वॉस्डेलला सोबत्यांपैकी कुणालातरी एवढंच टाइप करायला सांग: तळं की दोर. दोर असेल तरी लिहायला सांग. मी ओरडणार नाही.

आई झोपेल, तिला उठवू नकोस. मला उठवायची गरज पडणार नाही.

तुझा,
बाबा