जेटसाठी इंजिन निवडताना : जळगावच्या मित्रास पत्र

धुळे,
दि. १२ नोव्हेंबर

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. रिमोटवर उडवायच्या तुझ्या मॉडेल जेटचा सांगाडा जुळवून झाला, चाके आत-बाहेर होऊ लागली आणि आता फक्त इंजिनाची जागा रिकामी आहे, हे वाचून फार आनंद झाला. १४० न्यूटन जोराच्या टर्बाइनकडे, म्हणजे छोट्या जेट इंजिनाकडे, तुझे मन ओढ घेत आहे, असे तू लिहितोस. माझे मत आधीच सांगून टाकतो आणि मग त्याची कारणे देतो. तुझ्या विमानाला १०० न्यूटनचे इंजिन घ्यावे. त्याहून लहान घेऊ नये आणि मोठे तर मुळीच घेऊ नये.

तू कळवलेल्या आकड्यांवरून इंजिन, बॅटऱ्या आणि भरलेली टाकी धरून विमान १२ किलोच्या घरात जाईल. १०० न्यूटन म्हणजे सुमारे १०.२ किलोचा थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर), म्हणजे वजनाच्या ८५ टक्के. सरावाच्या आणि साध्या कसरतीच्या जेटला एवढे उत्तम. मात्र कॅटलॉगमध्ये छापलेला थ्रस्ट हा समुद्रसपाटीवरचा आणि १५ अंश तापमानाचा असतो, आणि आपल्या भागात खरी गोम इथेच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. १५ वरून ४५ अंशांवर गेल्यावर हवेची घनता साधारण नऊ-दहा टक्क्यांनी उतरते, आणि जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर असल्यामुळे आणखी दोन-अडीच टक्के जातात. या इंजिनाचा रोटर मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेतो, आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) त्याला ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही. त्यामुळे हवा विरळ झाली म्हणून इंजिन जास्त फिरून ती उणीव भरून काढू शकत नाही. उलट गरम हवा तेवढ्याच फेऱ्यांत कमी दाबली जाते, म्हणून नुकसान दुहेरी होते. हे सगळे गणितात धरले की थ्रस्ट १२ ते १५ टक्क्यांनी कमी भरतो.

पंखांचेही तेच. विरळ हवेत तेवढेच वजन उचलायला वेग सुमारे सहा टक्क्यांनी जास्त लागतो. वेग जास्त हवा आणि ढकलणारा जोर मात्र कमी, या दोन्हींचा परिणाम एकत्र झाला की जमीन सोडण्यासाठी लागणारी धाव जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. थंडीतल्या सकाळी जे विमान आरामात उठते, तेच विमान मार्च-एप्रिलच्या दुपारी धावपट्टीचे शेवटचे टोक आले तरी चाकांवरच असते. म्हणूनच मी ८० न्यूटनचे इंजिन नको म्हणतो. कागदावर ते पुरते. डांबरी पट्टीवर डिसेंबरमध्येही पुरेल. पण उन्हाळ्यात त्याचे ६८-७० न्यूटनच हाती उरतात, म्हणजे १२ किलोच्या विमानाला सात किलोचा जोर, आणि तुझी पट्टी तर रोलर फिरवलेल्या मुरुमाची. मुरुमावर लहान चाके अडतात, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. १०० चे इंजिन त्याच दुपारी ८५ ते ८८ न्यूटन देईल. तेवढ्यात विमान घाई न करता उठेल.

मग १४० का नको? उन्हाळ्याचीच तूट भरायची तर मोठे इंजिन घेऊन थ्रॉटल मागे ठेवावा, असा तुझा युक्तिवाद आहे. तो ऐकायला बिनतोड वाटतो, पण विमान उतरताना तो टिकत नाही. टर्बाइन आयडलवरही, म्हणजे सर्वांत मंद फिरतानाही, विमानाला थोडे पुढे ढकलतच राहते, आणि इंजिन जितके मोठे तितका हा उरलेला जोर जास्त. हलके आणि सफाईदार विमान अशा वेळी खाली बसायला तयार होत नाही. फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) पूर्ण सोडले तरी पट्टीवरून तरंगत पुढे जाते. त्यात इंजिन आयडलवरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद घेते, म्हणून उतरताना ते अगदी तळाला आणून ठेवायचे नसते, थोडे वर धरायचे असते. मोठ्या इंजिनाबरोबर हे संभाळणे आणखी अवघड होते. शिवाय इंजिन मागे बसते. त्याचे वाढीव वजन तोलण्यासाठी नाकात शिसे घालावे लागते, आणि वजन दोन्हीकडून वाढते.

याहून मोठी काळजी वेगाची आहे. प्रोपेलरचा जोर विमानाचा वेग वाढला की झपाट्याने ओसरतो. टर्बाइनच्या नळीतून बाहेर पडणारा झोत तासाला हजार किलोमीटरच्याही कितीतरी वर असतो, त्यामुळे विमान वेगात आले तरी त्याचा जोर फारसा घटत नाही आणि विमान वेग घेतच राहते. तुझा सांगाडा ज्या वेगासाठी बांधला आहे तो ओलांडला की एलेरॉन आणि एलिव्हेटर (पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या) फडफडू लागतात, आणि ती फडफड क्षणार्धात पंख उपटून नेते. सांगाड्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत इंजिनाची जी वरची मर्यादा दिली असेल, ती सल्ला म्हणून नव्हे तर हुकूम म्हणून वाच.

जर्मनीतल्या कुर्ट श्रेकलिंग या हौशी माणसाने १९९० च्या सुमारास घरच्या कार्यशाळेत असे इंजिन बनवले, तेव्हा त्याच्या कॉम्प्रेसरचे (हवा दाबणारे) चाक चक्क प्लायवूडचे होते, वरून कार्बन फायबरने आवळलेले. त्या इंजिनाचा थ्रस्ट जेमतेम दोन-तीन किलो होता आणि तरी त्यावर विमान उडाले. हे आठवले की १४० चा आकडा मला तितकासा मोहवत नाही.

कोणत्या कंपनीचे घ्यावे याबद्दल थोडक्यात लिहितो. जर्मनीचे जेटकॅट, तैवानचे किंगटेक, स्पेनचे जेट्स मुंट ही सगळी नावाजलेली इंजिने आहेत, आणि १०० न्यूटनच्या गटात त्यांच्यात डावे-उजवे करण्यापेक्षा दुरुस्तीसाठी इंजिन कुठे पाठवावे लागेल हे आधी विचार. साधारण २५ तासांच्या उड्डाणानंतर बेअरिंग तपासून घ्यावे लागते. गॅसवर सुरू होणारे जुने इंजिन स्वस्तात मिळाले तरी घेऊ नकोस. थेट रॉकेलवर सुरू होणारेच घे, म्हणजे मैदानावर गॅसचे सिलिंडर बाळगावे लागणार नाही.

इंधनाचा हिशेब टाकी बसवण्याआधीच कर. पूर्ण जोरावर हे इंजिन मिनिटाला ३५० ते ४०० मिलिलिटर पिते. थ्रॉटल वर-खाली करत आठ मिनिटे उडायचे तर दोन लिटर जातील आणि अर्धा लिटर हाताशी राखून ठेवायला हवे. रॉकेलमध्ये टर्बाइन ऑइल मिसळावे लागते, बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास, कारण बेअरिंगला वंगण त्या इंधनातूनच मिळते. ते प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे अचूक ठेव. टाकी आणि पंप यांच्यामध्ये हवेचे बुडबुडे अडवणारी छोटी टाकी अवश्य बसव, कारण एक मोठा बुडबुडा गेला की हवेतच इंजिन विझते.

आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ तुला ठाऊकच आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्या जोडीला हवेत तंतूही असतात, म्हणून इंजिनाच्या तोंडावर जाळी हवीच आणि प्रत्येक उड्डाणानंतर ती पाहायला हवी. जाळी निम्मी झाकली गेली तर इंजिनाला श्वास पुरत नाही आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. इंजिन सुरू करताना विमान कधीही वाळल्या गवतावर ठेवू नकोस. पट्टीच्या कडेला पऱ्हाट्यांचे ढीग असतील तर आधी हलवून घे, कारण मागचा झोत पाचशे-सहाशे अंशांचा असतो. आग विझवण्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जवळ ठेव; पावडरचा मारलास तर आग विझेल, पण इंजिनही जाईल. उतरल्यावर ईसीयू रोटर फिरवून इंजिन थंड करतो, ते पूर्ण होईपर्यंत वीज बंद करायची नाही.

परवानगीचेही पाहून ठेव. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, केवळ छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलांचा वेगळा उल्लेख आहे, पण हवाई क्षेत्राचे नियम त्यांनाही लागू आहेत. जळगावला विमानतळ आहे आणि भुसावळ-वरणगावला आयुधनिर्माणी. त्यामुळे पट्टीची जागा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या, भागात आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहा.

आता मला तीन गोष्टी कळव: इंजिन न बसवता विमानाचे नेमके वजन, टेलपाइपची (झोत मागे नेणाऱ्या नळीची) लांबी व व्यास, आणि पट्टी फुटात किती लांब भरते. टेलपाइप अरुंद असेल तर तिथेही थोडा थ्रस्ट वाया जाईल, आणि मग बेलमाउथ (टेलपाइपचे पुढचे फैलावलेले तोंड) व इंजिनाचे मागचे तोंड यांच्यात किती अंतर ठेवायचे हे पुन्हा मोजावे लागेल. आकडे आले की मी सगळा हिशेब कागदावर मांडून पाठवतो. तोवर इंजिनाची मागणी नोंदवू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश