मैत्रीला उमेदवारी नको होती

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील राजीव गांधी आणि अमिताभ बच्चन यांच्या मैत्रीवरील लेख वाचला. मैत्री तुटल्याचे खापर लेखकाने अमिताभ यांच्या माथी फोडले आहे. १९८७ मध्ये अमिताभ यांनी दिलेल्या खासदारकीच्या राजीनाम्यापासून हकिगत सुरू केली की असेच होते; ती १९८४ पासून सांगायला हवी होती.

हरिवंशराय आणि तेजी बच्चन यांचा नेहरू कुटुंबाशी घरोबा अलाहाबादेपासूनचा. १९६८ मध्ये इटलीहून आलेल्या सोनिया लग्नाआधी बच्चन कुटुंबाच्या दिल्लीतील घरीच उतरल्या होत्या. १९८२ मध्ये बंगळूरच्या चित्रीकरणात झालेल्या दुखापतीनंतर अमिताभ ब्रीच कँडीत मृत्यूशी झुंजत असताना पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः त्यांना पाहायला आल्या होत्या. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. आमच्या गिरगावातील चाळीत पहाटे नळावर बादल्या लावतानाही ‘आज कसं आहे म्हणतात?’ हीच चौकशी चाले आणि ती कोणाबद्दल, हे वेगळे सांगावे लागत नसे.

अशा मित्राला राजीव यांनी इंदिराजींच्या हत्येनंतर दोन महिन्यांच्या आत अलाहाबादची उमेदवारी दिली. समोर उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा होते. अमिताभ सुमारे १ लाख ८७ हजार मतांनी जिंकले. त्या निवडणुकीत काँग्रेसला ४०० हून अधिक जागा मिळाल्या, म्हणजे या एका जागेवाचून पक्षाचे काहीही अडले नसते. याच निवडणुकीत मुंबईतून आलेले सुनील दत्त २००५ मध्ये खासदार असतानाच गेले, कारण त्यांना सार्वजनिक कामाची मुळातच ओढ होती. अमिताभ यांना ती नव्हती. शोकात बुडालेल्या मित्राला नाही कसे म्हणायचे, एवढ्यासाठी ते उभे राहिले. जिवाभावाच्या माणसाची भीड राजकारणासाठी खर्ची घालायची नसते, हे राजीव यांनी ओळखायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

पुढे एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने बोफोर्स तोफांच्या खरेदीत लाच दिली गेल्याची बातमी दिली आणि पंतप्रधान राजीव यांच्यावरचा प्रत्येक वार मित्राच्या अंगावरही येऊ लागला. अमिताभ यांनी जुलैत खासदारकी सोडली. लेखकाला हा पळ वाटतो. मला वाटते, जे मुळात स्वीकारायलाच नको होते ते परत करण्याचा तेवढाच मार्ग त्यांच्यापुढे उरला होता. शिवाय १९९१ मध्ये राजीव यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी अमिताभ त्या कुटुंबासोबत उभे होते. दोन घरांतला उघड दुरावा त्यानंतरचा आहे. त्यात कोण किती चुकले, याचा निवाडा आपण बाहेरच्यांनी करू नये.

एका गोष्टीबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही. स्वीडनमधील एका दैनिकाने बोफोर्सच्या पैशांशी बच्चन कुटुंबाचे नाव जोडले, तेव्हा ते लंडनच्या न्यायालयात गेले आणि त्या दैनिकाला माफी मागावी लागली. एप्रिल २०१२ मध्ये तर या तपासाचे स्वीडनमधील प्रमुख स्टेन लिंडस्ट्रॉम यांनीच सांगितले की, बच्चन यांच्याविरुद्ध काहीही सापडले नव्हते. माझ्या वडिलांना कात्रणे जपण्याची सवय होती. आमच्याकडे येणाऱ्या एका दैनिकाचे १९८७ मधले कात्रण वहीच्या दोन पानांवर दुमडून चिकटवले आहे, इतका त्याचा मथळा मोठा. त्याच दैनिकाची २०१२ ची बातमी मी त्याच वहीत लावली, तिला काडेपेटीएवढी जागा पुरली.

पंचवीस वर्षे ज्याने आरोप वागवले, त्याच्या मैत्रीचा हिशेब मांडताना हे वगळणे अन्यायाचे आहे. पुरवणीच्या पुढील अंकात, मूळ लेख होता त्याच पानावर, ही माहिती छापावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक जुना वाचक, गिरगाव, मुंबई